ओ येईपर्यंत

नैरोबी, न्गोंग रोड, चौथा मजला.
रात्रपाळीला मी, गाथोनी,
आणि थर्मासमधला कोमट चहा.
पडद्यावर होमा बेचा ठिपका
हिरव्याचा पिवळा झाला. तीन वाजून बारा मिनिटं.

तिकडे सरोवराकाठी अकोथचा बर्फाचा कारखाना.
मासेवाला फोनवरून पैसे भरतो,
आमचं यंत्र तिच्या संगणकाला हाक मारतं:
पैसे पोचले, दोन लाद्या सोड.
वेबहुक म्हणजे एवढंच.
हाक मारायची आणि ओ येण्याची वाट बघायची.

हाक मारणं सोपं.
पहिल्या वर्षी आम्ही तेवढंच करत होतो.
एकदा हाक ओठांवर असतानाच आमचं यंत्र बंद पडलं.
पैसे वहीत होते, हाक कुठेच नव्हती.
ओकुमूच्या सहा टोपल्या ओमेना उन्हात सडल्या.
त्याने मला शिव्या दिल्या नाहीत,
त्याला मी माहीतच नव्हते.
तो अकोथशी भांडला.

तेव्हापासून आधी लिहायचं, मग बोलायचं.
पैशाची ओळ आणि हाकेची ओळ
एकाच वहीत, एकाच दमात.
उमटल्या तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.
मग हरकारा येतो, वही वाचतो, निघतो.

ओ नाही आली, तर पुन्हा.
दहा सेकंदांनी, मग मिनिटाने, मग पाच,
मग अर्ध्या तासाने, मग दोन तासांनी.
आजारी माणसाचं दार सारखं ठोठावू नये.
आणि दर वेळी चिमूटभर पुढेमागे, मुद्दाम,
नाहीतर वीज आली रे आली
की चारशे हरकारे एकदम उंबऱ्यावर
आणि नुकतं उठलेलं यंत्र पुन्हा आडवं.

"तोवर बाकीचे खोळंबतात का?" नवा किप्लिमो विचारतो.
नाही रे. ज्याची त्याची रांग वेगळी.
अकोथकडे अंधार आहे
म्हणून मोम्बासाच्या औषधवाल्याने का ताटकळायचं?

हाकेवर सही असते, वेळही असते.
गुपित फक्त दोघांना ठाऊक.
मार्चमध्ये कुणीतरी आमचा आवाज काढून
पन्नास लाद्या मागितल्या होत्या.
सही जुळली नाही. दार उघडलं नाही.

पण खरी अवघड असते ती शांतता.
हाक पोचलीच नाही,
की पोचली, बर्फ दिला,
आणि "दिला" म्हणता म्हणता दिवे गेले?
इथून दोन्ही शांतता सारख्याच दिसतात,
सोळा वर्षं बघतेय, मला अजून फरक कळलेला नाही.
म्हणून आम्ही पुन्हा हाक मारतो.
चुकायचंच असेल, तर दोनदा मारून चुकतो.

उपाय तिकडच्या दाराशी आहे.
प्रत्येक हाकेला एक क्रमांक,
कितीदा मारली तरी तोच.
अकोथच्या भाच्याला, ओडुओरला, फोनवर शिकवलं:
हाक लिहून घे, लगेच ओ दे, मग बर्फ फोड.
क्रमांक आधी पाहिलेला असेल
तर नुसती ओ दे, बर्फाला हात लावू नको.
तो म्हणाला, "म्हणजे उधारीच्या वहीसारखं."
हो. अगदी तसंच.

तीन दिवस ओ नाहीच आली
तर हाक वेगळ्या पेटीत जाते.
तिथे यंत्राचं काम संपतं,
मग माणसाने माणसाला फोन करायचा.
आज ती वेळ आली नाही.

पाच वाजून एकोणपन्नास.
ठिपका हिरवा.
एकतीस हाका थांबल्या होत्या,
ओ येऊ लागल्या, एकेक, वाकड्यातिकड्या क्रमाने,
पाचवी आधी, पहिली शेवटी.

त्या पहिलीचं उत्तर वेगळं होतं:
आधीच पाहिलेली.
म्हणजे वीज जायच्या क्षणभर आधी
बर्फ देऊन झाला होता.
सबंध रात्र मी जिला हाका मारत बसले
ते काम केव्हाच उरकलेलं.

किप्लिमो हसला. मीही.
उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला,
आणि वहीत त्या ओळीपुढे
यंत्राने बारीकशी खूण केली.